मुलगा नक्की कोणाच्या बाजूचा?

ताई, नमस्कार.

मी मूळचा नाशिकचा. गेली बरीच वर्षं टोरंटोजवळ मिसिसागाला राहतो. क्रिकेटवर वाढलो, पण इथे आल्यावर ऑफिसातल्या लोकांबरोबर बेसबॉल बघायला लागलो आणि आता टोरंटो ब्लू जेज हा माझा संघ आहे. माझा अकरा वर्षांचा मुलगा इथेच जन्मला. तोही जेजचे सगळे सामने बघतो, पण त्याचा देव म्हणजे लॉस एंजेलिस डॉजर्सचा शोहेई ओहतानी.

2025 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना 24 ऑक्टोबरला टोरंटोत झाला. मला ओळखीतून दोन तिकिटं मिळाली. जेज 11-2 असे पुढे होते. सातव्या इनिंगमध्ये (डावात) ओहतानीने होम रन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखा फटका, मारला आणि माझा मुलगा उभा राहून टाळ्या वाजवत ओरडायला लागला. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "हा पोरगा नक्की कोणाच्या बाजूचा आहे?" काहीजण हसले, काहीजण रागाने बघत होते. मी मुलाचा दंड धरून त्याला खाली बसवलं. नवव्या इनिंगमध्ये ओहतानी परत बॅटिंगला आला तेव्हा सगळं स्टेडियम "आम्हाला तुझी गरज नाही" असं एका सुरात ओरडत होतं. मी मुलाला म्हटलं, "तूही ओरड." तो ओरडला नाही. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

आठवडाभराने सातव्या सामन्यात जेज हरले तेव्हा मात्र तो उशीत डोकं खुपसून रडला.

बायको म्हणते, चूक तुमची आहे. नाशिकहून माझे वडील म्हणतात, "ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, हे पोराला शिकवायलाच हवं." मलाही वाटतं की आपण बाहेरून आलेली माणसं, आपल्याकडे लोकांचं लक्ष असतं. मुलगा आता माझ्याबरोबर सामना बघायला बसत नाही. वाढदिवसाला त्याने ओहतानीची 17 नंबरची जर्सी मागितली आहे, तीही आईकडे. घेऊ का?

एक बाबा, मिसिसागा

नमस्कार.

तुमच्या पत्रातली एक ओळ लिहून तुम्ही पुढे निघून गेलात, मी मात्र तिथेच थांबले. 1 नोव्हेंबरच्या रात्री जेज अकराव्या इनिंगमध्ये 5-4 असे हरले आणि तुमचा मुलगा रडला. त्या रात्री डॉजर्स जिंकले होते. ओहतानीच्या हातात सलग दुसऱ्या वर्षी विजेतेपद आलं होतं. मुलगा खरोखर 'त्यांच्या बाजूचा' असता तर घरभर नाचला असता. मागच्या रांगेतल्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच घरात मिळून गेलं आहे. मुलगा जेजचा आहे. त्याला ओहतानी आवडतो, हेही तितकंच खरं आहे. यातली एक गोष्ट खोटी ठरवलीच पाहिजे असं तुम्हाला का वाटलं, त्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी टोरंटोच्या लोकांबद्दल, कारण त्यांचा राग उगाच नाही. डिसेंबर 2023 मध्ये ओहतानी नवा संघ निवडत होता आणि ब्लू जेज शर्यतीत होते. 8 तारखेला बातमी पसरली की तो विमानाने टोरंटोला निघाला आहे. कॅलिफोर्नियाहून टोरंटोकडे येणाऱ्या एका खाजगी विमानाचा प्रवास हजारो लोक फोनवर डोळ्यांत तेल घालून बघत होते. विमान उतरलं आणि त्यातून भलताच एक कॅनेडियन उद्योजक बाहेर आला. दुसऱ्या दिवशी ओहतानीने डॉजर्सचं नाव जाहीर केलं. दहा वर्षं, सत्तर कोटी डॉलर. मॉन्ट्रियलचा संघ 2004 नंतर अमेरिकेत गेल्यापासून ब्लू जेज हा मेजर लीगमधला, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतला, कॅनडाचा एकुलता एक संघ आहे, त्यामुळे तो नकार एका शहरापुरता राहिला नाही. एप्रिल 2024 मध्ये डॉजर्स टोरंटोत खेळायला आले तेव्हा ओहतानी बॅट घेऊन आला की स्टेडियम त्याची हुर्यो उडवायचं. बॅटिंगच्या पहिल्याच फेरीत त्याने होम रन मारला. "आम्हाला तुझी गरज नाही" ही घोषणा त्या दुखावलेपणातून आली आहे. तुम्ही गेलात त्या रात्री 1993 नंतर प्रथमच टोरंटोत वर्ल्ड सिरीजचा सामना होत होता. सहाव्या इनिंगमध्ये जेजनी तब्बल नऊ धावा केल्या होत्या. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात बदली बॅटरने मारलेला पहिला ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार धावा देणारा होम रन) जेजच्या ॲडिसन बार्जरने त्याच इनिंगमध्ये मारला. तुझ्याशिवाय आम्ही इथवर आलो, हे त्या लोकांना ओहतानीला ऐकवायचं होतं, आणि तो त्यांचा हक्क होता. तुम्हीही त्या रात्री मनापासून ओरडला असाल तर त्यात काही वावगं नाही.

पण तुमच्या मुलाचं ओहतानीशी असं कुठलंच भांडण नाही. डिसेंबर 2023 मध्ये तो नऊ वर्षांचा होता. करार, नकार, विमान हे मोठ्यांचं दुःख आहे. त्याने बघितलं ते एवढंच की जगात एक माणूस असा आहे जो ताशी शंभर मैलांच्या आसपास चेंडूही टाकतो आणि त्याच हातांनी स्टेडियमच्या वरच्या मजल्यापर्यंत चेंडू मारतोही. हे किती दुर्मीळ आहे ते तुम्हाला सांगायला नको, पण मराठी वाचकांसाठी सांगते. बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारा) आणि बॅटर ही कामं व्यावसायिक पातळीवर इतकी वेगळी झाली आहेत की दोन्ही इतक्या उंचीवर करणारा खेळाडू शोधायला शंभर वर्षं मागे, थेट बेब रूथपर्यंत जावं लागतं. वर्ल्ड सिरीजच्या आदल्याच आठवड्यात, 17 ऑक्टोबरला, ओहतानीने एकाच सामन्यात पिचर म्हणून दहा जणांना बाद केलं आणि बॅटर म्हणून तीन होम रन मारले. आणखी एक गोष्ट मुलांपर्यंत नक्की पोहोचते: 2023 मध्ये त्याने जपानमधल्या सगळ्या प्राथमिक शाळांना मिळून सुमारे साठ हजार ग्लोव्ह द्यायचं ठरवलं, प्रत्येक शाळेला तीन, आणि त्यातला एक डावखुऱ्या मुलासाठी. अकरा वर्षांच्या मुलाला असा माणूस आवडला नसता तरच मला आश्चर्य वाटलं असतं.

हेही लक्षात घ्या की मेजर लीगच्या हंगामाच्या वेळापत्रकात डॉजर्स दर दोन वर्षांनी एकदा, तीन दिवसांसाठी, टोरंटोला येतात. तुमच्या मुलाला जेजचा ब्लादिमिर गेरेरो धाकटा वर्षातून 81 सामन्यांत घरच्या मैदानावर बघता येतो. ओहतानी त्याच्यासमोर, त्याच हवेत, उभा राहण्याच्या वेळा तो दहावीला जाईपर्यंत बोटांवर मोजता येतील. तुम्ही त्याला त्यातल्या एका रात्री घेऊन गेलात, तो क्षण आला, आणि जेजकडे नऊ धावांची आघाडी होती. त्या होम रनने काहीही बिघडणार नव्हतं. तो उभा राहणारच होता.

तुमच्या वडिलांची म्हण मला माहीत आहे आणि त्यामागची त्यांची काळजीही कळते. परमुलखात नांदायचं तर तिथल्या लोकांशी प्रामाणिक राहावं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण ती म्हण खाल्ल्या अन्नाच्या ओझ्याची आहे, आणि कौतुकाची टाळी त्या ओझ्याखालून येत नाही. किराणा घराण्यात शिकलेला गायक मैफलीत पुढे बसून जयपूरच्या गायिकेच्या तानेला "क्या बात है" म्हणतो, तेव्हा त्याने आपल्या गुरूचा घात केला असं कोणी म्हणत नाही. उलट त्याला गाणं कळतं म्हणून दाद निघाली, असं आपण समजतो. तुमच्या मुलाला बेसबॉल कळतो.

आणि हे काही आजचं खूळ नाही. स्टॅन म्युझिअल हा सेंट लुईस कार्डिनल्सचा महान खेळाडू. अमेरिका त्याला 'स्टॅन द मॅन' म्हणून ओळखते. हे नाव त्याला सेंट लुईसने दिलेलं नाही. 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, म्हणजे हाडवैरी डॉजर्सच्या घरच्या मैदानावर (डॉजर्स तेव्हा ब्रुकलिनचे होते), तो बॅट घेऊन निघाला की प्रेक्षकांत घोष व्हायचा: आला, तो माणूस परत आला. सेंट लुईसच्या एका पत्रकाराने ते ऐकून छापलं आणि नाव जन्मभर चिकटलं. हे कोणत्या वर्षी झालं ते बघा. त्याच वर्षी कार्डिनल्स आणि डॉजर्स हंगामाच्या शेवटी बरोबरीत राहिले, निकालासाठी जादा सामने खेळावे लागले आणि कार्डिनल्सनी ब्रुकलिनला बाहेर काढलं. ज्याच्या हातून आपली हार होते, त्याला ब्रुकलिनच्या लोकांनी नाव बहाल केलं. आणि ब्रुकलिनकरांइतकं आपल्या संघावर जीव टाकणारे लोक बेसबॉलच्या इतिहासात थोडेच. (म्युझिअलचे कारकिर्दीतले हिट 3,630. त्यातले 1,815 घरच्या मैदानावर, 1,815 परक्या मैदानांवर. मला हा आकडा फार आवडतो. तुमच्या मुलालाही सांगा.)

सेंट लुईसचीच दुसरी गोष्ट तुमच्या टोरंटोच्या जखमेच्या जास्त जवळची आहे. आल्बर्ट पुहोल्स तिथे अकरा हंगाम खेळला, दोन वर्ल्ड सिरीज जिंकून दिल्या आणि 2011 संपताना मोठ्या रकमेवर एंजल्स या दुसऱ्या संघाकडे निघून गेला. लोक दुखावले होते. जून 2019 मध्ये तो पहिल्यांदा पाहुण्या संघाकडून तिथे परतला तेव्हा दर फेरीला सगळं स्टेडियम उभं राहिलं. 22 जूनला त्याने घरच्या संघाविरुद्ध होम रन मारला आणि सेंट लुईसच्या लोकांच्या टाळ्या थांबेनात, शेवटी त्याला डगआउटमधून (खेळाडूंच्या बसायच्या जागेतून) बाहेर येऊन टोपी उंचावावी लागली. त्या दिवशी टाळ्या वाजवणारी माणसं कार्डिनल्सच्याच लाल टोप्या घालून आली होती.

आणि मायामी. 19 सप्टेंबर 2024 ला ओहतानी एका हंगामात 50 होम रन आणि 50 चोरलेले बेस (चेंडू न मारता, संधी साधून पळून गाठलेले पुढचे बेस) असा कोणालाच न जमलेला टप्पा गाठायच्या बेतात होता. मायामी मार्लिन्सचा संघ दारुण हरत होता. ओहतानीला मारायची संधीच न देता मुद्दाम फुकट बेस देता आला असता, विक्रम आपल्या मैदानावर होऊ द्यायचा टाळता आला असता. मार्लिन्सचा मॅनेजर स्किप शूमाकर याने ते नाकारलं. तसं करणं खेळाच्या आणि कर्माच्याही दृष्टीने वाईट झालं असतं, असं तो नंतर म्हणाला. ओहतानीने पन्नासावा मारला, आणि नंतर एक्कावन्नावाही. सामना 20-4 असा गेला आणि मायामीतल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या संघाच्या मॅनेजरला जे त्या दिवशी लाजिरवाणं वाटलं नाही, ते अकरा वर्षांच्या मुलाला वाटावं अशी आपण अपेक्षा करू नये.

आता तुमच्याबद्दल. "आपण बाहेरून आलेली माणसं, आपल्याकडे लोकांचं लक्ष असतं," हे तुम्ही लिहिलंत आणि मला तुमचा त्या क्षणीचा चेहरा कळला. मागच्या माणसाने विचारलं ते कदाचित त्याने मागच्याच इनिंगमध्ये दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर तो माणूस हसून मोकळा झाला असता. तुम्ही हसू शकला नाहीत, कारण हा प्रश्न तुम्ही बेसबॉलच्याही आधीपासून ऐकत आला आहात. 1990 मध्ये नॉर्मन टेबिट नावाच्या ब्रिटिश खासदाराने तो उघडपणे विचारला होता: बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेले लोक क्रिकेटमध्ये कोणाला टाळ्या वाजवतात, इंग्लंडला की जिथून आले त्या देशाला? त्यावरून त्यांची निष्ठा जोखावी, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून तिथल्या भारतीय, पाकिस्तानी, वेस्ट इंडियन घरांतल्या मुलांना ती परीक्षा द्यावी लागली. त्या रात्री स्टेडियममध्ये तीच परीक्षा तुम्ही स्वतः होऊन आपल्या मुलाची घेतलीत. तीही जपानी खेळाडूवरून, कॅनडात जन्मलेल्या मुलाची. मागच्या माणसाने प्रश्न विचारून सोडून दिला असेल. उत्तर वदवून घ्यायला तुम्ही मुलाला भाग पाडत होतात. मला पत्रातलं सगळ्यात जास्त टोचलं ते दंड धरणं नव्हे, "तूही ओरड" हे.

आणि तो ओरडला नाही. चाळीस हजारांहून जास्त माणसं ओरडत असताना, शेजारी बाप सांगत असताना, न पटलेली गोष्ट त्याने केली नाही. कोणाला उलट बोलला नाही, भांडला नाही, फक्त गप्प बसला. मला या मुलाचा अभिमान वाटतो. तुम्हालाही थोड्या दिवसांनी वाटेल.

पाहुण्या संघाच्या खेळाडूसाठी टाळ्या वाजवणं हे किती खोलवर जाऊ शकतं, यासाठी 1947 साल आठवावं लागेल. जॅकी रॉबिन्सन त्या वर्षी ब्रुकलिनकडून खेळायला उतरला, विसाव्या शतकात मेजर लीगमध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. 18 मे रोजी तो शिकागोत पहिल्यांदा खेळला तेव्हा रिग्ली फील्डवर 46,572 लोक तिकीट काढून आले, मैदानाचा विक्रम झाला. त्यात शिकागोचेच हजारो कृष्णवर्णीय लोक होते, रविवारचे ठेवणीतले कपडे घालून आलेले, आणि ते आपल्याच शहराच्या संघासमोर पाहुण्याला टाळ्या वाजवत होते. 1981 मध्ये मेक्सिकोतल्या छोट्या गावातून आलेला वीस वर्षांचा फर्नांडो व्हॅलेन्झुएला डॉजर्सकडून पहिले आठही सामने जिंकत सुटला, तेव्हा तो जाईल त्या शहरात मेक्सिकन घरंच्या घरं स्टेडियममध्ये लोटायची. त्या माणसांना संघ बदलायचा नव्हता. आजवर ज्या मैदानावर आपल्यासारखं कोणी उभं राहिलेलं बघितलं नव्हतं, तिथे कोणीतरी उभं होतं.

तुमच्या मुलाच्या मनात असं काही आहे का, मला माहीत नाही, आणि तुम्हीही गृहीत धरू नका. कदाचित त्याला फक्त त्याचा स्विंग आवडत असेल. पण त्याला विचारा. चौकशीच्या सुरात नको. "मला त्याच्या खेळातलं काय काय बघायचं ते सांग," असं म्हणा आणि मग मध्ये न बोलता ऐका.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. पाहुण्याचं कौतुक करता करता घरच्याचा अपमान करायची सवय लागते, ती वाईट. 1998 मध्ये मार्क मग्वायर होम रनच्या विक्रमाच्या मागे होता तेव्हा परक्या मैदानांवर लोक त्याच्यासाठी गर्दी करायचे, ते ठीक. पण आपलाच पिचर जपून चेंडू टाकून त्याला बेस देऊ लागला की आपल्याच पिचरची हुर्यो उडवायचे. (मग्वायरने पुढे 2010 मध्ये स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं, तो विषय वेगळा.) हेच आपण वानखेडेवरही बघितलं. 14 एप्रिल 2024 ला धोनी शेवटच्या षटकात आला, हार्दिक पांड्याला लागोपाठ तीन षटकार मारले, चार चेंडूंत वीस धावा केल्या, आणि मुंबई बरोबर वीस धावांनी हरली. त्या षटकारांवर मुंबईकर नाचले, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. धोनीला मुंबईत शेवटची काही वर्षंच बघायला मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्याच हंगामात त्याच मैदानावर स्वतःच्या कर्णधाराला नाणेफेकीपासून छळलं गेलं, ते मला आजही खुपतं. तुमच्या मुलाने तसं काही केलेलं नाही. जेजच्या पिचरला तो हसला नाही, शेजाऱ्याला चिडवलं नाही. कधी करायला लागला तर तेव्हा जरूर टोका, आणि का टोकताय तेही सांगा.

तुम्ही नाशिकचे आणि क्रिकेटवर वाढलेले, तर 31 जानेवारी 1999 चा चेन्नईचा कसोटी सामना तुम्हाला आठवत असेल. सचिनने पाठीच्या वेदनेत 136 केल्या, तो बाद झाला आणि भारत बारा धावांनी हरला. पाकिस्तानचे खेळाडू मैदानाला फेरी मारायला निघाले आणि चेपॉकवरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्या लोकांच्या देशप्रेमाबद्दल आपण कोणी शंका घेतली नाही. आजही तो प्रसंग अभिमानाने सांगतो. वडिलांशी बोलताना म्हणीवर वाद घालू नका, त्यांना चेपॉकची आठवण करून द्या. नातवाचं वागणं त्यांना आपोआप ओळखीचं वाटेल.

आता काय करायचं ते. मुलाशी बोला, आणि लवकर बोला. आपल्याकडे वडिलांनी मुलाला "माझं चुकलं" म्हणायची रीत फारशी नाही. तुम्ही म्हणा. पाहुणे नसताना, आई मध्यस्थ नसताना, गाडीत किंवा फिरायला गेल्यावर. लांबलचक नको. "त्या रात्री मी तुझा हात ओढला ते चुकलं. तुला ओरडायला सांगितलं ते त्याहून चुकलं. लोक काय म्हणतील याची मला भीती वाटली होती." एवढं पुरे. शेवटचं वाक्य गाळू नका. त्याला आत्ता वाटतंय की बाबांना माझी लाज वाटली. खरी गोष्ट भीतीची होती, आणि ती कळण्याइतका तो मोठा आहे. त्यानंतर "पण तूसुद्धा…" असं काही जोडू नका. तो लगेच गळ्यात पडेल अशी अपेक्षाही ठेवू नका. "ठीक आहे" म्हणून फोनकडे वळला तरी तुमचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोहोचलेलं असेल.

सामना एकत्र बघायचा तर एक जुना रिवाज सुचवते: हाताने स्कोअरकार्ड भरा. पिचर 1, कॅचर 2 असे मैदानावरच्या जागांचे नऊ आकडे, बॅटर कसा बाद झाला त्याच्या खुणा. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला तर 6-3 लिहायचं. अकरा वर्षांची मुलं हे भराभर शिकतात आणि बापापेक्षा नीट भरतात. घरच्या बाजूची पाटी तुम्ही भरा, पाहुण्यांची त्याला द्या, पुढच्या सामन्याला अदलाबदल. पहिले दोन-तीन सामने फारसं बोलणं झालं नाही तरी चालेल, कागद भरायला शेजारी तर बसावंच लागतं. सुरुवात डॉजर्सच्या सामन्याने करू नका, तो सापळा वाटेल. जेजचा साधा मंगळवारचा सामना घ्या.

स्टेडियममध्ये परत कोणी विचारलं, हा कोणाच्या बाजूचा, तर उत्तर तुम्ही द्यायचं, मुलाने नव्हे. मान वळवून, हसून, "जेजचाच आहे, ओहतानी त्याला आवडतो" इतकंच. बहुतेक लोक तेवढ्यावर गप्प होतात, आणि बेसबॉल बघणारा जुना माणूस असेल तर आपला लहानपणीचा पाहुण्या संघातला आवडता खेळाडू सांगायला लागेल. कोणी खरोखरच वाईट बोललं, तुमच्या रंगावर किंवा मुलुखावर गेलं, तर तिथे हसायचं नाही. स्टेडियमच्या कर्मचाऱ्याला बोलवायचं. ही वेगळी गोष्ट आहे, आणि या दोन्हींत फरक करायला मुलाने तुमच्याकडूनच शिकायला हवं.

जर्सी घ्या. आईच्या हातून नाही, तुम्ही द्या, आणि मुलाला सोबत नेऊन माप बघून घ्या, या वयात मुलं सहा महिन्यांत वाढतात. जेजच्या स्टेडियममध्ये, रॉजर्स सेंटरमध्ये, ती घालून जायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या. डॉजर्सच्या निळ्या रंगात टोरंटोच्या गर्दीत बसलं की टोमणे येतील, हे त्याला आधी स्पष्ट सांगून ठेवा. त्यावर त्याला काय उत्तर द्यावंसं वाटतं ते विचारा. तो म्हणाला की शाळेत घालीन आणि सामन्याला गेरेरोची घालीन, तर तसं. म्हणाला की 17 नंबरचीच घालून येणार, तर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर तुम्ही तुमची जेजची टोपी घालून बसा.

तुमची ताई